कच्चं पान

हसणं थांबलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपणही हसत होतो. लांब टेबलाभोवती पाच माणसं होती. पाच राखदाण्या, पाच पाण्याचे ग्लास, मधे तोंडाची चव पुसायला ठेवलेले साध्या पावाचे तुकडे. टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, बरोबर त्याच्या समोर, ती बाई बसली होती, जिला सगळे हसले होते. तिनं हातातला सिगार राखदाणीच्या खाचेत ठेवला. आपटला नाही, दाबून विझवला नाही. काम झाल्यावर हत्यार जागेवर ठेवावं तसा नीट ठेवला. मग पेन्सिल उचलून समोरच्या कागदावर एक आकडा लिहिला आणि कागद उलटा करून ठेवला. सकाळचे साडेअकरा वाजले होते. उंच खिडक्यांतून येणाऱ्या उजेडात पाच जणांचा धूर एकमेकांत मिसळून छताकडे चालला होता. पाचांपैकी एक, हॉटेलवाला, अजून रुमालानं डोळे टिपत होता. विनोद हॉटेलवाल्याचा नव्हता, त्याचा स्वतःचाच होता, आणि चांगला जमला होता. पुढे कितीतरी दिवस त्याला सगळ्यांत जास्त छळलं ते यानंच, की विनोद चांगला जमला होता.

एकतीस वर्षं तो तंबाखूच्या पानांची खरेदी करत आला होता आणि गेली अकरा वर्षं या परीक्षक मंडळावर होता. लोक त्याच्या नाकाबद्दल घरातल्या एखाद्या कर्त्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत. ‘त्यांच्या नाकाला विचारा,’ म्हणत. मंडळात तो सर्वांत जुना, म्हणून निकालाचं शेवटचं वाक्य त्याचं असे. या खेपेचा सिगार एका जुन्या कंपनीनं आपल्या पंचाहत्तराव्या वर्षासाठी काढला होता. फक्त बाराशे पेट्या, प्रत्येक पेटीवर क्रमांक, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मंडळाचं एक वाक्य सोनेरी अक्षरांत, खाली त्याची सही. अध्यक्षांनी आठवडाभर आधीच फोन करून सांगितलं होतं, की बाकी कुणी काहीही म्हणो, वाक्य तेवढं तुमच्या खास ढंगातलं हवं.

तो ढंग हिवाळ्यापासून वहीतून येत होता, हे कुणालाच माहीत नव्हतं. हिवाळ्यात आठ दिवसांचा ताप आला आणि ताप गेला तेव्हा वासही गेले, आणि त्यांच्याबरोबर जेवणाची चवही. आधी त्यानं सर्दी समजून दुर्लक्ष केलं. महिन्याभरानं वास परत येऊ लागले ते वाकडे होऊन. चहाला गंजक्या डब्याचा वास, साबणाला लोखंडाचा, बायकोच्या केसांना जळक्या रबराचा. तिनं उशीवर डोकं टेकलं की तो कूस बदलायचा आणि वर तिलाच म्हणायचा, फार उकडतंय. बाहेर त्यानं अवाक्षर काढलं नाही. सिगार कानाशी धरून दाबायचा, आवरणाच्या पानाचा तेलकटपणा पाहायचा, राख किती लांब टिकते ते बघायचा, कोणता कारागीर कोणतं पान वापरतो ते आठवायचा, आणि उरलेलं जुन्या वह्यांतून उतरवायचा: अक्रोड, भिजलेली माती, जुनं चामडं, मागून किंचित मध. सहा महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट दोनदा त्याची वाक्यं जास्तच वाखाणली गेली. तेव्हा त्याला धस्स झालं होतं. नाक नसताना जर हे सगळं इतकं सुरळीत चालत असेल, तर एवढी वर्षं या टेबलावर कुणाला काही कळत होतं की नाही? की सगळेच एकमेकांच्या तोंडाकडे बघून मान डोलावत होते? तो विचार त्यानं पुढे जाऊ दिला नाही. पण त्या दिवसापासून बैठकीचा कागद तो घरूनच भरून आणू लागला. शाईनं, सुवाच्य अक्षरात. त्या सकाळीही कोऱ्या दिसणाऱ्या वहीखाली भरलेला कागद होता. अक्रोड होता, मध होता, शंभरपैकी चौऱ्याण्णव गुणही होते. सिगार अजून पेटला नव्हता.

मग तो पेटला. गडद, जवळजवळ काळपट आवरण, एकही जाड शीर नाही, देखणी वस्तू. त्यानं पहिला झुरका घेतला, धूर जिभेवर फिरवला, थोडा नाकावाटे सोडला, आणि नाकाच्या मुळाशी सुई टोचल्यासारखं झालं. अमोनिया. वर्षानुवर्षं ओळखीचा, न मुरलेल्या पानाचा तो तिखट, ओला वास. तंबाखूचं पान वखारीत माणसाच्या उंचीएवढे ढीग लावून मुरवतात. ढिगाच्या पोटात ऊब धरते, पानाला घाम सुटतो, आणि हा वास हळूहळू निघून जातो. घाईनं ढीग मोडला तर तो पानात तसाच राहतो. पण त्याचा स्वतःवर विश्वास बसला नाही. कालपर्यंत ज्याला साबण लोखंडासारखा लागत होता त्यानं कुठल्या तोंडानं वासाचं नाव घ्यावं? त्यानं दुसरा झुरका घेतला. तेच. आजूबाजूला निवृत्त दंतवैद्य डोळे मिटून बसले होते, हॉटेलवाला ‘वा’ म्हणत होता, अध्यक्ष राखेकडे कौतुकानं बघत होते.

मंडळात सर्वांत नवा असेल त्यानं आधी बोलायचं, म्हणजे जुन्यांचं ऐकून तो बदलत नाही, असा नियम होता. नवी ती बाईच. तिची ही तिसरी बैठक. एका मोठ्या वखारीत बारा वर्षं तिनं पानांचे ढीग सांभाळले होते, त्यांची ऊब मोजली होती. तिच्या मालकांनी तिला मंडळावर पाठवलं होतं, इथे टिकली तर मुख्य तपासनीस करू, असं सांगून. तिच्या पाठीमागे सगळे तिला ‘वखारवाली’ म्हणत. ती फार बोलायची नाही. त्या दिवशी तिनं घसा साफ केला आणि सरळ म्हणाली, “मला अमोनिया लागतोय. आतलं पान कच्चं आहे. ढीग महिनाभर तरी आधी मोडलाय.”

त्या क्षणी त्याला जे झालं ते आनंद होता, दुसरा शब्द नाही. छातीत काहीतरी मोकळं झालं. नाक आहे! नाक परत आलंय, सरळ, शाबूत, आणि साक्षीला एक माणूस आहे. त्याला वाटलं उठावं, टेबलाला वळसा घालून जावं आणि त्या बाईचे दोन्ही हात हातात घ्यावे. आणि तेवढ्यात सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. अध्यक्षांनी भुवया उंचावल्या. मनगटाखाली भरलेला कागद होता. त्याला तो दिसला, त्याची भीती वाटली, की भीती नंतर वाटली आणि तोंड आधी उघडलं, हे त्यानं पुढे हजार वेळा आठवून पाहिलं, पण क्रम काही लागला नाही. एवढंच आठवे की आतून हसू फुटत होतं आणि त्याला वाट हवी होती.

“बाई,” तो म्हणाला, “बारा वर्षं वखारीत काढली की अमोनिया सिगारमध्ये नसतो, नाकात असतो.”

सगळे हसले. मग त्यानं अक्रोडाचं वाचून दाखवलं, मधाचंही. दंतवैद्यांना लगेच अक्रोड लागला, हॉटेलवाल्याला मधाबरोबर थोडी दालचिनीही लागली. फार वेगळा पडलेला एक आकडा बाजूला ठेवायची मुभा नियमांतच होती. तो बाईंचा ठेवला. बाहेर पडताना व्हरांड्यात अध्यक्षांनी त्याचा दंड धरला, वाक्य बहारीचं झाल्याचं सांगितलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, की पुढच्या खेपेला बाईंना बोलवायचं का; कंपन्या बिचकतात हो अशानं. तो एक शब्द बोलला असता तरी पुरलं असतं. तो म्हणाला, “तुम्ही बघा.”

घरी येताना जिन्यात त्याला वास येत गेले. पहिल्या मजल्यावर कुणी कांदा परतत होतं, दुसऱ्यावर इस्त्रीचे कपडे, तिसऱ्यावर ताजं पॉलिश. प्रत्येक मजल्यावर तो थांबला. दार उघडणाऱ्या बायकोच्या खांद्यापाशी वाकून त्यानं तिच्या केसांचा वास घेतला. ते केसांसारखेच लागले. ती दचकून म्हणाली, काय हो हे भरदुपारी? जेवायला बसल्यावर त्यानं सुपाचा पहिला चमचा घेतला आणि सहज बोलून गेला, “मीठ फार झालंय.”

तिचा चमचा हवेतच राहिला. मग तिचे डोळे भरून आले. तिला हिवाळ्यापासून माहीत होतं. तो ताटावर पुन्हा पुन्हा मीठ घ्यायचा आणि घेताना चोरट्यासारखा बघायचा, ते तिला बघवेना, म्हणून ती स्वयंपाकातच जास्त मीठ घालू लागली होती. सहा महिने तिनंही तेच खाल्लं होतं. तो विचारील तेव्हा सांगावं, असं तिनं ठरवलं होतं. त्यानं कधी विचारलंच नाही. आता मात्र तिनं विचारलं, की आलं कसं परत, कधी कळलं? आणि त्यानं सगळं सांगितलं. सांगता सांगता तो रंगला. बाई काय म्हणाली, माना कशा वळल्या, आणि विनोदसुद्धा, त्याच्या नेमक्या जागी अर्धा क्षण थांबून. ती हसली नाही. तिनं विचारलं, “मग नंतर सांगितलंत ना, की तिचं बरोबर होतं?” तो म्हणाला, तसा प्रसंग आला नाही. मंडळाचं असं असतं, तुला नाही कळायचं. ती उठली आणि सुपात गरम पाणी घालून आणलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त नुकतंच काहीतरी समजल्यासारखी दिसत होती.

लाज अशी लगेच आली नाही. आली ती भलत्या वेळी, पायात एक मोजा चढवून दुसरा हातात धरलेला असताना. ती बाई कागद उलटा करून ठेवतेय असं डोळ्यांसमोर आलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. मग ती दाढी करताना आली, लिफ्टमध्ये येऊ लागली, कुणी त्याची स्तुती करत असलं तर हटकून. वास परत आलेच होते, आणि प्रत्येक वासाबरोबर तीच सकाळ येत होती. एकदा त्याला त्याचा पहिला साहेब आठवला, ज्याच्या हाताखाली तो पान ओळखायला शिकला तो म्हातारा खरेदीदार. हा तेव्हा चोवीस वर्षांचा. एका बड्या व्यापाऱ्याच्या गोदामात त्यानं भीत भीत म्हटलं होतं, की गठ्ठ्याच्या तळाला बुरशी आहे. व्यापारी हसला होता. पोराचं नाक अजून वाहतंय, ते आधी पुसा, असं काहीतरी म्हणाला होता आणि सगळं गोदाम खदाखदा हसलं होतं. म्हातारा हसला नव्हता. वाद घातला नाही, याची बाजूही घेतली नाही. खाली बसला, गठ्ठ्याची दोरी सोडली, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि तळातलं एक पान ओढून व्यापाऱ्याच्या हातात ठेवलं. बस. ही आठवण त्यानं कितीतरी वेळा लोकांना सांगितली होती, जेवणाच्या टेबलांवर, निरोपसमारंभांत. आता ती मनात आली तेव्हा त्याला पहिल्यांदा जाणवलं ते हे, की त्या व्यापाऱ्याच्या विनोदापेक्षा आपला विनोद जास्त बांधेसूद होता. आपण ही तुलना केली हे लक्षात आल्यावर तो रस्त्यात मधेच थांबला. मागून येणारा माणूस त्याच्यावर आदळला आणि त्यानंच माफी मागितली, त्या माणसानं. यानं ती ऐकून घेतली आणि तसाच पुढे चालू लागला.

तीन आठवड्यांनी पुढची बैठक भरली तेव्हा टेबलाशी चारच खुर्च्या होत्या. त्यानं बाईंबद्दल विचारलं. अध्यक्ष कागद लावता लावता म्हणाले, तुम्हीच म्हणालात ना बघा म्हणून, मग बघितलं. हॉटेलवाल्यानं जास्त माहिती पुरवली. तो विनोद वखारीपर्यंत पोचला होता. तिच्या हाताखालची माणसंसुद्धा आता तिनं ढिगात नाक घातलं की तो म्हणून दाखवतात. तपासनिसाच्या जागेवर दुसऱ्याच कुणाला घेतलंय. “तुमच्या नावानं चालतो हं,” तो प्रेमानं म्हणाला. मग अध्यक्षांनी छापून आलेल्या झाकणाचा नमुना त्याच्यापुढे ठेवला. लाकडाला छान वास होता. सोनेरी अक्षरांत त्याचा अक्रोड होता, त्याचा मध होता, आणि खाली वळणदार सही. पेट्या पुढच्या आठवड्यात दुकानांत जाणार होत्या.

त्या दुपारी त्यानं पत्र लिहिलं. ‘फेरचाचणीनंतर मला असं आढळून आलं आहे की, सदर सिगारमधील पान पुरेसं मुरलेलं नाही. तरी माझं मत व सही मागे घेण्यात यावी.’ त्यानं ते तीनदा वाचलं. बऱ्याच दिवसांनी त्याला हलकं वाटलं. अध्यक्ष काय म्हणतील, कंपनी काय करील, मंडळावरून बहुधा जावं लागेल, हे सगळं त्याच्या ध्यानात होतं, आणि त्याचंही त्याला थोडं बरंच वाटत होतं. पत्र द्यायच्या आधी बाईंना दाखवावं असं त्यानं ठरवलं. ते वाचताना तिचा चेहरा कसा होईल, हेसुद्धा त्यानं बसमध्ये बसल्या बसल्या मनाशी पाहिलं.

वखार शहराच्या टोकाला होती. लोखंडी दार ढकललं आणि अमोनियानं त्याचं स्वागत केलं, अंगावर धावून यावं तसं. अर्धवट काळोखात पानांचे प्रचंड ढीग तरटाखाली झाकलेले होते, बाजूला माणसं घामाघूम होऊन एक ढीग मोडून दुसरीकडे रचत होती, आतलं पान बाहेर, बाहेरचं आत. बाई एका ढिगाच्या पोटात लांब दांड्याचा तापमापक खुपसून उभी होती. त्याला पाहून तिला नवल वाटलं असावं, पण तिनं आधी आकडा वाचला, पाटीवर खडूनं लिहिला, मग हात पुसत पुढे आली. कामगारांपैकी एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. त्यांनी त्याला ओळखलं होतं. त्यानं तयार करून आणलेली वाक्यं म्हटली. आपण त्या दिवशी बोललो ते बोलायला नको होतं, त्याचे परिणाम कळल्यावर फार वाईट वाटलं, वगैरे. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, झालं ते झालं. आवाजात तुसडेपणा नव्हता. दार बंद होतं, इतकंच. तेव्हा त्यानं पाकीट पुढे केलं.

तिनं उजेडाकडे वळून पत्र वाचलं. त्यानं मनाशी पाहिलेला चेहरा झाला नाही. तिनं कागदाची घडी केली आणि विचारलं, “फेरचाचणी कधी केलीत?”

तो मनातल्या मनात एखादी तारीख शोधू लागला.

“तुम्हाला त्याच दिवशी वास आला होता,” ती म्हणाली. “मी समोरच होते. पहिल्या झुरक्याला तुमचा श्वास अडकला आणि तुम्ही डोळ्यांच्या कडा पुसल्यात. बाकीच्यांना काही लागलंच नव्हतं, ते दिसत होतं. मी नवी. एवढ्या मोठ्या कंपनीच्या मालाला एकटीनं कच्चा म्हणायची माझी छाती नव्हती. तुमचं बघून मला धीर आला. म्हटलं, दोघांना लागलंय. मी सुरुवात करते, मागून ते बोलतील.”

पलीकडे पानं सळसळत होती. डोळे पुसल्याचं त्याला मुळीच आठवत नव्हतं. त्याला तिच्याकडे बघता येईना, म्हणून तो तिच्या हातातल्या पत्राकडे बघू लागला, आणि आता ते पत्र त्याला तिच्यासारखंच वाचता आलं. त्यात ती कुठेच नव्हती. त्यात एक दक्ष, प्रामाणिक परीक्षक होता, ज्यानं आपली चूक स्वतःहून शोधून काढली होती. त्यानं इथेसुद्धा तिचं बोलणं उचलून आपल्या वहीत घातलं होतं.

त्यानं पत्र परत मागितलं, तिच्याकडून पेन मागितलं, आणि तिथल्याच एका गठ्ठ्यावर बसून कागदाच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागला. हिवाळ्यातल्या तापाचं लिहिलं, घरून भरून आणलेल्या कागदाचं लिहिलं. बाई प्रथम बोलल्या आणि बरोबर बोलल्या, हे लिहिलं. आपण काय म्हणालो तेही जसंच्या तसं लिहिलं. कागदावर ते विनोदासारखं दिसलं नाही. ती मधून मधून ढिगापाशी जाऊन येत होती. सगळं झाल्यावर त्यानं कागद तिच्यापुढे धरला. तिनं उभ्यानंच वाचला, एका ओळीपाशी थांबली आणि त्यावर बोट ठेवलं. तिथे त्यानं लिहिलं होतं, ‘पहिल्याच झुरक्याला मला शंका आली होती.’

“शंका?” ती म्हणाली.

त्यानं तो शब्द खोडला आणि वर ‘वास’ लिहिलं. ‘आली होती’चं ‘आला होता’ केलं. अमोनियानं डोळे चुरचुरत होते आणि ते पुसायला त्याचा हात वर जाईना. खाली सही करून त्यानं विचारलं, “तारीख त्या दिवसाची घालू का? म्हणजे ते त्या बैठकीला जोडता येईल.”

“आजची घाला,” ती म्हणाली. “त्या दिवशी लिहिलं नव्हतंत.”

त्यानं आजची तारीख घातली.